आहाराचे साहेब

"अज्ञान. निव्वळ अज्ञान," असं म्हणत साहेब खिशातून पेन काढायचे आणि पेनाच्या टोकानेच खूण करून समोरच्या बाईला डोळ्याची खालची पापणी ओढायला लावायचे. स्वतः हात लावायचे नाहीत. पापणी आतून पांढरी दिसली की माझ्याकडे वळायचे, "सिस्टर, लिहा. रक्त कमी." जणू त्या बाईनेच ते कुठेतरी सांडून ठेवलं होतं.

मी घाटंजीकडच्या एका उपकेंद्रात नर्स होते. साहेब महिन्यातून एकदा यवतमाळहून जीपने येत, आहारावर भाषण द्यायला. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. भिंतीवर तक्ता लागायचा: सफरचंद, अंडी, दुधाचा पेला. प्रथिनांनी शरीराची झीज भरते, लोहाने रक्त वाढतं. सगळं अगदी बरोबर आणि सगळं पाठ. समोर कापूस वेचणाऱ्या बाया बसत. बोंडांची टोकं लागून त्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या असत. सफरचंद त्यांनी पाहिलेलं असे, बाजारात, लांबून.

त्या वर्षांत शिवारात कापसाशिवाय काही उरलं नव्हतं. पूर्वी कापसाच्या मधे तुरीचं तास, म्हणजे एखादी ओळ, असे, बांधावर अंबाडी असे, आणि बाया घरी जाताना ओटीत भाजी खुडून नेत. आता अळीच्या धास्तीने फवारणी इतकी चाले की बांधावरच्या पाल्यालाही औषधाचा वास येई. हे मी साहेबांना एकदा सांगून पाहिलं. म्हणाले, तो कृषी खात्याचा विषय आहे.

रुखमा त्याच बायांतली. पहिल्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं होतं की बाळ गेलं आणि ती जेमतेम वाचली. आता पुन्हा चौथा महिना होता आणि रक्त सात, जिथे निदान अकरा हवं. दोन महिने गोळ्या देऊनही ते हलेना. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि गोळ्या उकिरड्यावर फेकत असशील म्हणाले. ती हळूच म्हणाली, रोज घेतो. साहेबांनी मला लिहायला सांगितलं, 'सहकार्य करत नाही.' मी मान खाली घालून लिहिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. ती कामावर निघायच्या घाईत होती. तिने माझ्यासमोर गोळी तोंडात टाकली आणि वर कोरा चहा प्याली. नुसत्या पाण्यासंगं मळमळते म्हणाली. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. चहा लोह अंगी लागू देत नाही, हे साहेबांच्या पुस्तकातही होतं. फक्त, गोळी कशासोबत घेता, हे त्यांनी आजवर एकाही बाईला विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

गोळी संध्याकाळी भाकरीनंतर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, असं ठरलं. रुखमाने घरामागे सांडपाण्यावर अंबाडीही पेरली.

पुढे साहेबांनी शाळेच्या अंगणात पाककृतींची स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस सरपंचांच्या घरच्या काजू-बेदाण्याच्या शिऱ्याला गेलं. रुखमाने अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी मांडली होती. साहेब तिच्या ताटासमोर थांबलेसुद्धा नाहीत. "हे तर रोजचंच," म्हणाले.

"साहेब," रुखमा म्हणाली, "रोज भेटलं असतं तं माह्या डोयात रक्त दिसलं असतं."

बाया पदराआड हसल्या. साहेब मला म्हणाले, या लोकांना जरा जवळ केलं की उद्धटपणा येतो.

त्याच दुपारी ते जीपमागे एकटेच चहात बिस्किटं बुडवून खाताना दिसले. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांचं रोजचं जेवण हेच, घरी डबा करणारं कोणी नाही. मला वाईट वाटलं. मी रुखमाच्या भाजीची वाटी नेऊन दिली. त्यांनी झाकण उचलून पाहिलं, वास घेतला आणि वाटी ड्रायव्हरच्या हाती दिली. माझं वाईट वाटणं तिथेच संपलं.

नवव्या महिन्यात रुखमाचं रक्त दहावर आलं. यवतमाळच्या दवाखान्यात बाळंत झाली. या वेळीही रक्त बरंच गेलं, पण तिने ते सोसलं. मुलगी झाली. साहेबांनी अहवालात लिहिलं की त्यांच्या सततच्या समुपदेशनामुळे एका महिलेचं अज्ञान दूर झालं. त्यावर त्यांना शाबासकी मिळाली, आणि मग बढतीवर मोठ्या शहरात बदली. निरोपाच्या कार्यक्रमात हार होते, नारळ होता, आणि आहारावर एक भाषण होतं. त्यांचंच.

पुढच्या महिन्यात रुखमा मुलीला डोस द्यायला घेऊन आली. मी तिला सांगितलं, साहेब गेले बदलून.

"कोनते साहेब?"

मी म्हटलं, ते चष्मेवाले, आहाराचे, तुला सगळ्यांसमोर उभं केलं होतं ते. तिने थोडा वेळ आठवून पाहिलं.

"असन कोनी," ती म्हणाली आणि लेकीला काट्याच्या झोळीत ठेवलं. "बाई, हिचं वजन सांगा पयले."