जनरलसाहेबांचा उजवा कौल

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही निर्णय घेतला नाही, त्याच्या कबरीवर लोक कौल लावायला येतात, असं कळल्यावर मला घरात बसवेना. बायको म्हणाली, "फोन करून विचारा की कुणाला तरी." पण चरित्रकाराने स्वतः जागेवर जायचं असतं, असं तिला ऐकवून मी पुण्याहून सकाळची एसटी धरली.

हा माणूस म्हणजे कंपनी सरकारच्या फौजेतला एक इंग्रज जनरल. गेली काही वर्षं मी त्याचं चरित्र लिहितोय. हाच का निवडलास, असं मित्र विचारतात. बरे बरे जनरल आधीच्या लेखकांनी संपवले होते, हे खरं उत्तर. मी मात्र 'उपेक्षित पैलू' वगैरे काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

साहेब पोरसवदा वयात इकडे आले आणि वरचे लोक आजारपणाने मरत गेले तसे चढत गेले. एका गढीवर चाल करायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी 'नक्की कोणत्या बाजूने?' असं वर विचारून घेतलं. उत्तर येईपर्यंत आतले लोक कंटाळून निघून गेले. गढी मिळाली, साहेबांना पदक मिळालं. पुढेही असंच होत राहिलं. ते कधी हरले नाहीत, कारण त्यांनी लढाईच होऊ दिली नाही. शेवटी सोलापूरहून छावणीकडे जाताना वाटेत पोट बिघडलं. मागे फिरावं की पुढे जावं, हे ठरेना. तंबूत विचार करता करताच ते गेले आणि तिथेच त्यांना पुरलं.

भूमला उतरलो तर आठवडी बाजार भरला होता. खव्याच्या भट्ट्यांचा खरपूस वास सगळीकडे पसरला होता. रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगताच त्याने विचारलं, "जर्नेलसाहेबाकडं का? काय काम हाय, नोकरी का सोयरीक?" मी म्हणालो, "इतिहास." तो जरा विचारात पडला. "त्येचा कौल लागतोय का न्हाय, म्हाईत न्हाय बगा. पेढं मातर घ्या, साहेबाला लागत्यात." शेवटच्या आजारात साहेबांना डॉक्टरने दूध बंद केलं होतं. मी पेढे घेतले.

गावाबाहेर ज्वारीच्या रानात एक बाभूळ आणि तिच्याखाली पुरुषभर उंचीचा काळा दगड, एवढंच ते ठाणं. मी भक्तिभावाने चपला काढल्या आणि खेकसणं ऐकलं.

"पायताण घाला आदी! साहेबापुढं अनवाणी चालत न्हाय."

हे रशीदभाई. कबरीची देखभाल त्यांच्या घराण्याकडे आहे. अनवाणी आलेल्यांसाठी त्यांनी बाभळीखाली जुन्या चपलांचे जोड मांडून ठेवले होते. सगळीकडे देवापुढे चपला चोरीला जातात, इथे देवच चपला पुरवतो. मी पुन्हा चपला चढवल्या, तोवर काट्याने टाच फोडली होती.

रशीदभाईंनी मला बाजूला बसवून शेंगांची चटणी आणि भाकरी दिली. तेवढ्यात गयाबाई आल्या. सोबत त्यांची मुलगी मनीषा, खांद्याला गच्च भरलेली बॅग, आणि त्यांचे दीर दादाराव. मनीषाची पोलिसात निवड झाली होती आणि ट्रेनिंगला हजर व्हायला दुपारच्या गाडीने निघायचं होतं. दादारावांनी मात्र तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलीचे वडील हयात नाहीत, तेव्हा घरात शब्द दादारावांचा.

"माणूस वाईट न्हाय म्या," दादाराव मला म्हणाले. "पण पोरीची जात, परमुलूख. उद्या काय झालं तर लोक मलाच इचारणार. म्हणून म्हणलं, साहेब सांगतील तसं."

रशीदभाईंनी शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून दगडाला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर राहा. गयाबाईंनी डोळे मिटले. मनीषाने मिटले नाहीत.

पाकळ्या पडेनात.

वारा आला, ज्वारी सळसळली, पाकळ्या जागच्या जागी. माझी भाकरी संपली. रशीदभाईंनी घसा खाकरला. "साहेब इचारात हायत." मी मनात म्हटलं, हयातभर होते. मनीषा दर घटकेला रस्त्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. मला त्या मेलेल्या माणसाचा मनापासून संताप आला. अरे, एकदा तरी!

दादारावांचा फोन वाजला. स्थळाकडचीच मंडळी होती. रानात आवाज तुटत होता, म्हणून ते बोलत बोलत पार रस्त्यापर्यंत गेले.

गयाबाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी साहेबाचं समदं वाचलंय म्हणं. त्ये असंच करायचे का?"

खोटं बोलवेना. "असंच, बाई. त्यांनी स्वतः कधी काही ठरवलं नाही. हाताखालचं कुणीतरी कंटाळून ठरवायचं आणि मग साहेब खाली सही करायचे."

"सही करायचे?"

"नेहमी. कधी नाही म्हटलं नाही."

गयाबाई क्षणभर दगडाकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला, पुढे गेल्या, उजवी पाकळी नखाने सोडवली आणि मनीषाच्या हातावर ठेवली.

"घ्या. आता करा म्हणावं सही."

रशीदभाई आ वासून बघत होते. इतक्यात दादाराव परतले. "काय झालं?"

दादारावांनी रशीदभाईंकडे पाहिलं. रशीदभाईंनी बाभळीकडे पाहिलं, कबरीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "उजवा."

"सर, तुमी बगितलं?"

माझी इतक्या वर्षांची मेहनत एका बाजूला आणि ती बॅगवाली पोर एका बाजूला. "बघितलं," मी म्हणालो. "साहेबांची रीतच तशी. होकार यायला वेळ लागतो."

दादारावांनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता, हे बघून मला नवल वाटलं. त्यांनी कबरीला कडक सलाम ठोकला आणि बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.

परतीची गाडी मला आणि मनीषाला एकच होती. फाट्यावर दादाराव तिला पैसे जपून ठेव, कुणाशी बोलू नको, असं बजावत होते. गयाबाईंनी मला बाजूला घेतलं. आता त्यांचे डोळे भरले होते.

"सर, पुस्तकात लिवणार का हे?"

"लिहावं म्हणतो. एवढं धाडस माझ्या जनरलनेही कधी केलं नाही."

"माझं लिवू नका." त्यांनी हात जोडले. "कौल साहेबानं दिला, आसं लिवा. पोरगी गेली, पण मला हितंच ऱ्हायाचंय."

गाडी सुटली. मनीषा खिडकीतून मागे बघत राहिली, पार फाटा दिसेनासा होईपर्यंत. मग तिने तोंड पुसलं आणि माझ्यापुढे पेढा धरला. मी खाल्ला.

घरी आल्यापासून मी शेवटच्या प्रकरणावर अडून बसलोय. साहेबांनी कधी निर्णय घेतला नाही, हे माझ्याकडे पानोपानी सिद्ध आहे. तरी पुस्तकात मी लिहिणार आहे की त्यांनी एक घेतला, मेल्यानंतर आणि बरोबर. खरं काय ते फक्त इथे लिहिलं, आणि म्हणून माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव मात्र मला कुणी विचारू नये.