वैशालीनं लावलेली वेणीची पैज

वैशालीनं पैज लावली, आणि निकाल लागायच्या आधीच निघून गेली.

आज वर्ष झालं.

वैशाली माझी धाकटी जाऊ. आमचं कधी पटलं नाही. बाई वांग्याच्या भाजीत गूळ घालायची, आता बोला.

चौथ्या महिन्यात सोनोग्राफीला गेली. बाळ ठणठणीत, पण अंडाशयात गाठ. कॅन्सर.

बाळ पोटात असतानाच ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. घरात आम्ही सगळे रडतोय, आणि ही म्हणते, "ताई, आता तरी माझ्या भाजीला नावं ठेवू नका."

ठेवली. सवय जाते का?

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. तोवर हिच्या डोक्यावर एक केस नाही. आणि सासूबाई देवगाव रंगारीहून हातभर मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या.

"गजरा माळल्याबिगर ओटी भरायची नाय."

"अहो आई, पण माळायचा कशात?" मी विचारलं.

मग मीच सासऱ्यांची लोकरीची कानटोपी काढली आणि तिच्यावर गजरा शिवला.

मे महिना. चिकलठाण्यातलं आमचं पत्र्याचं घर. हिरवी साडी, हिरवा चुडा आणि तपकिरी कानटोपी. घामानं निथळत पाटावर बसली आणि फोटो काढणाऱ्या आमच्या धाकट्या दिराला म्हणते, "भाऊजी, साइडनं घ्या. गजरा दिसला पाहिजे."

हसता हसता ओटीचा नारळ माझ्या पायावर पडला. अंगठा आठवडाभर सुजला होता.

अवनी जन्मली ती डोकं भरून केस घेऊन.

"बघा ताई, माझे सगळे हिनं आतून ओढून घेतले."

अवनी वर्षाची झाली तेव्हा मामाच्या मांडीवर बसवून तिचं जावळ काढलं. त्याच आठवड्यात वैशालीचे नुकते आलेले केस परत गेले. आजार उलटला होता. मायलेकी दोघी गुळगुळीत.

तेव्हा पैज लागली. आधी कोणाची वेणी येते? तीन पेडांचीच पाहिजे. हरेल तिनं जिंकणारीची वेणी रोज घालायची. पंच मी.

"अगं, ती एवढीशी पोर तुझी वेणी घालणार व्हय?"

"म्हणून तर मला हरायचंय, ताई. रोज सकाळी हिची वेणी घालायचीय मला."

मी दूध उतू जातंय म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. गॅसवर दूध नव्हतंच.

आज सकाळी अवनीची वेणी आली. करंगळीएवढी. रबर दोनदा निसटलं, कारण पोरगी एका जागी बसेल तर शपथ. पण तीन पेड आहेत, मी मोजले.

तर पंच म्हणून सांगते, वैशाली, तू हरलीस.

तुझ्या वाटची वेणी आता रोज मी घालणार. आणि भाजीत गूळही घालते, तुझी लेक त्याशिवाय घास घेत नाही.

लई आठवण येते गं.

तुझ्या जाऊबाईचा नमस्कार घे.