सेरिझावाबाईंची दुसरी गाडी

सेरिझावाबाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक मोठं खोकं होतं आणि चेहऱ्यावर तक्रार. बाजारपेठेच्या वर्षअखेरच्या सोडतीत त्यांना दहा किलो तांदळाचं पोतं हवं होतं. लागली ती ही गाडी. रेडिओवर चालणारी, नवशिक्यांसाठीची, सगळे भाग सुटे.

"हे परत घेता का?"

"मी विकलेलंच नाही, बाई. परत कसं घेऊ?"

"मग हे आहे तरी काय, ते सांगा."

मी झाकण उघडलं आणि फसलो. बाई दीड तास हलल्या नाहीत. हा दात कशाला, ही दांडी कुठे जाते, मागची चाकं फिरली की पुढची कशी फिरतात. शिमिझुला जाणारी त्यांची एक बस गेली, दुसरी गेली. तिसरीत त्या खोकं घेऊनच बसल्या. गाडी परत करायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

त्या तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. शाळांचं जेवण बनवणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरात कामाला. दोन हजारांवर मुलांच्या रश्शाचं मीठ, सोयाबीन आंबवून केलेलं मिसो, सुकी मासळी मोजून द्यायचं काम त्यांच्याकडे. शिझुओकात खेळण्यातल्या गाड्यांचं वेड असलेली माणसं कमी नाहीत. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गालिचा अंथरून केलेली शर्यतीची वाट आहे, आणि दर रविवारी तिथे वीसेक जण तरी जमतात. पण बहुतेक सगळे पुरुष, आणि बहुतेक सगळे लहानपणापासून हेच करत आलेले. बाईंनी आयुष्यात कधी स्क्रू-ड्रायव्हर धरला असेल तर तो सायकलची घंटी घट्ट करायला.

तीन आठवड्यांनी त्या गाडी जोडून घेऊन आल्या. एकही स्क्रू उरलेला नव्हता, आणि हे मी सहसा बघत नाही. पहिल्या रविवारी त्या शेवटून पहिल्या आल्या. एका फेरीला एकोणीस सेकंद. आमचा वरचा माणूस कात्सुमाता, तो तीच फेरी चौदात मारायचा.

"काय बदलू?" त्यांनी खाली येऊन विचारलं.

नवशिका माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा दुकानदाराला बरं वाटतं. मी चार पाकिटं काढून ठेवली. बाईंनी त्यातलं एकच उचललं. चाकांच्या आसांवर प्लॅस्टिकच्या बुशी असतात, त्यांच्या जागी बसवायची बेअरिंग.

"बाकीची पण लागतीलच," मी म्हणालो.

"लागतील. पण रश्शात एकदम चार गोष्टी घातल्या तर चव कशानं बदलली हे कळतं का?"

असं त्यांचं सहा महिने चाललं. एका वेळी एकच वस्तू. ती बसवायची, दोन रविवार गाडी चालवायची, वेळ वहीत लिहायची, मग पुढची वस्तू. बेअरिंगनी पाऊण सेकंद कमी केलं. तेलाचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आले तेव्हा गाडी वळणावर बेडकासारख्या उड्या मारायची थांबली. उन्हाळ्यापर्यंत त्या सतरा सेकंदांवर आल्या आणि तिथेच अडकल्या.

एका रविवारी त्यांनी गाडीची चाकं काढली, प्लॅस्टिकची चॅसी दोन्ही टोकांनी धरली आणि ओला टॉवेल पिळावा तशी पिळली.

"मालक, ही वाकते."

"नवशिक्यांची तशीच असते. भिंतीवर आपटली तरी मोडत नाही, वाकून घेते."

"न वाकणारी असते?"

मी मागच्या काचेच्या कपाटातून कार्बनच्या पाट्यांची चॅसी काढून दिली. खाली एक पाटी, वर एक अरुंद पाटी, मधे दोन रबरी पट्टे. बाईंनी ती पिळून पाहिली. हलली नाही. त्यांनी ती परत ठेवली, आणि पुढचे चार रविवार येऊन फक्त बघून गेल्या. उन्हाळी बोनस हातात आला त्या शनिवारी त्या दुकान उघडायच्या आधीच दारात उभ्या होत्या.

जुन्या गाडीची मोटर, रेडिओ, टायर सगळं त्यांनी नव्या चॅसीवर चढवलं. बदलला तो फक्त सांगाडा. आम्ही सगळे कठड्याशी उभे राहिलो. पहिली फेरी अठरा. दुसरी अठरा. दहा फेऱ्या झाल्या तरी सतराचं नाव नाही. जुन्या गाडीपेक्षा नवी गाडी हळू!

कात्सुमाता टॅक्सी चालवायचा. सलग चार वर्षं आमच्या शरद स्पर्धेचा पहिला नंबर त्याचा. तोंडाला कुलूप नव्हतंच. तो म्हणाला, "बाई, गाडी बदलली, पण बोटं तीच ना!"

सगळे हसले. मीही हसलो. बाईंनी क्षणभर विचार केला. "तुमचं खरं आहे. पण जुन्या गाडीवरही हीच बोटं होती. मग ती सतरात कशी जायची?"

दातांचे डॉक्टर मियाजिमा म्हणाले टायर, मी म्हणालो सवय होईल, कात्सुमाता बोटांवरून हटेना. बाईंनी तिन्ही कारणं वहीत लिहून घेतली. मग रिमोट कात्सुमाताच्या हातात दिला.

"तुमच्या बोटांनी चालवून बघा."

तो आढ्यतेनं पुढे झाला. चार फेऱ्यांनंतर त्याच्या कपाळाला आठी पडली. दहा फेऱ्या मारून त्यानं रिमोट परत दिला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "उजवीकडे वळते तशी डावीकडे वळत नाही."

मला वाटलं होतं बाई हिरमुसतील. त्यांचे डोळे चमकले. "तेच! मला वाटत होतं तो माझा भास आहे."

पुढच्या रविवारी त्या पिशवीतून स्वयंपाकघरातले दोन डिजिटल काटे घेऊन आल्या. टेबलावर ते शेजारी शेजारी ठेवून पुढचं एकेक चाक एकेका काट्यावर ठेवलं. मागची चाकं तेवढ्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर. डावं चाक उजव्यापेक्षा छत्तीस ग्रॅम जड.

"मग काय झालं?" कात्सुमाता म्हणाला. "बॅटरी डावीकडे आहे. डावी बाजू जड असणारच."

बाईंनी गाडी उलटी फिरवली. आता मागची चाकं काट्यांवर. तिथे उजवं चाक जड निघालं.

डॉक्टर मियाजिमांनी चष्मा वर केला. "बॅटरी एकाच वेळी दोन्हीकडे कशी असेल?"

"बॅटरी नाही," बाई म्हणाल्या. "ही पिळलेली आहे. आमच्या स्वयंपाकघरात एक टेबल आहे, त्याचे तिरक्या कोपऱ्यांतले दोन पाय टेकतात आणि दोन अधांतरी. तसं."

आणि तसंच होतं. गाडी जोडताना त्यांनी ती घरच्या तातामीवर ठेवली होती. मऊ चटईवर चॅसी किंचित पिळली, आणि वरच्या पाटीचे स्क्रू आवळले तेव्हा तो पीळ आत कायमचा बसला. प्लॅस्टिकच्या चॅसीत तो पीळ तिच्या लवचीकपणात विरून जायचा. कार्बननं तो जपून ठेवला. मी कपाटाची जाड काच काढून दिली. बाईंनी वरच्या पाटीचे सगळे स्क्रू सैल केले, चॅसी काचेवर दाबून धरली आणि एकदा इकडचा, एकदा तिकडचा असं करत हळूहळू आवळले. काट्यांवर फरक उरला तीन ग्रॅम. फेरी झाली पंधरा सेकंद आणि वर थोडं.

खरी मजा तर पुढे आहे. बाईंना आता सगळ्यांच्याच गाड्या तोलायच्या होत्या. डॉक्टरांची सरळ निघाली, ते आठवडाभर मान ताठ करून फिरले. माझी नऊ ग्रॅम. कात्सुमाता आपली गाडी देईना.

"चार वर्षं जिंकतोय मी. तिला काय झालंय?"

"काही झालं नसेल तर तोलायला काय हरकत आहे?"

चव्वेचाळीस ग्रॅम. सगळ्यांत वाकडी गाडी आमच्या विजेत्याची! त्यानं दोनदा पुन्हा तोलायला लावलं. मग स्वतःच स्क्रू सैल केले, काचेवर ठेवून सरळ केली आणि छाती काढून वर गेला. आता तेरात मारतो म्हणाला. पहिल्या वळणावर गाडी फळीवर आदळली. तिसऱ्या फेरीत पुन्हा तिथेच. पाचव्या फेरीत पुन्हा. उरलेल्या फेऱ्या पंधराच्या खाली आल्याच नाहीत.

"माझी गाडी बिघडवली!" तो ओरडत खाली आला.

"बिघडवली नाही हो, सरळ झाली ती," मी म्हणालो.

"मला वाकडीच पाहिजे!"

बाई त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू त्यानं त्यांना भेट आणली आहे. "म्हणजे चार वर्षं तुमची बोटंच तो पीळ सांभाळत होती? बघू मला."

त्याला परत वर नेऊन त्या स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसल्या आणि संध्याकाळपर्यंत गाडीकडे एकदाही न बघता त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"असं बघू नका हो," कात्सुमाता कुरकुरला. "लाज वाटते."

"तुम्ही डावीकडचं वळण यायच्या आधीच अंगठा दाबता. उजवीकडे तसं करत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं. तो आपल्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

शरद स्पर्धेला दोन आठवडे होते. चार वर्षांची सवय दोन आठवड्यांत मोडणार नव्हती. तो बाईंपाशी आला, मान खाली घालून. "जशी होती तशी करून द्याल का?"

"बरोबर चव्वेचाळीस?"

"बरोबर चव्वेचाळीस."

वाकडी गाडी सरळ करणं सोपं, पण ठरलेल्या मापानं वाकडी करणं महाकठीण. बाईंनी एका कोपऱ्याखाली कागदाच्या घड्या घातल्या, स्क्रू आवळले, तोलली. एकोणपन्नास. एक घडी कमी. एकेचाळीस. बसची वेळ झाली, गेली. कात्सुमाता म्हणाला मी टॅक्सीनं सोडतो, फुकट. आठव्या खेपेला काट्यांनी बरोबर चव्वेचाळीस दाखवले आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला.

स्पर्धेत कात्सुमाता जिंकला, डॉक्टरांच्या पुढे गाडीच्या नाकाएवढ्या अंतरानं. बाई पहिल्यांदाच अंतिम फेरीच्या आठ जणांत आल्या आणि पाचव्या राहिल्या. दुसऱ्या वळणावर त्यांनी स्वतः कात्सुमाताला आत घुसू दिलं नाही, दोन फेऱ्या अडवून धरलं. त्याबद्दल तो खूश होता की चिडला होता ते मला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

त्या संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात काळ्या रश्शात शिजवलेलं, काड्यांना टोचलेलं ओदेन खात बसलो होतो. कात्सुमातानं काड्या मोजून बाजूला ठेवल्या आणि बाईंना म्हणाला, "दर महिन्याला थोडा थोडा पीळ काढून द्या. सात-आठ ग्रॅम. एकदम सरळ झालो तर मरेन मी."

बाईंनी लगेच वही काढली.

वसंतात, साकुरा फुलायच्या दिवसांत त्याची गाडी काचेवर चारी चाकांनी नीट टेकली. त्याची सर्वांत चांगली फेरी त्याच महिन्यात पडली. तेरा सेकंद आठ, आमच्या गालिच्यावरची तोवरची सगळ्यांत वेगवान. बाई तेव्हा साडेचौदावर होत्या आणि त्यांचं मन भलतीकडेच लागलं होतं. पावसाळी दिवशी सगळ्यांच्याच गाड्या गालिच्याला जास्त घट्ट धरतात असं त्यांना वाटत होतं. डॉक्टर म्हणाले टायर, मी म्हणालो भास. कात्सुमातानं या वेळी काहीच मत दिलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "कशानं मोजायचं?"

बाई म्हणाल्या, आमच्या स्वयंपाकघराच्या पिठाच्या कोठारात हवेतला ओलावा दाखवणारं एक यंत्र टांगलेलं आहे, रविवारी ते कुणाला लागत नाही.