लिंबोणीच्या बागेचं पाणी

गेल्या वर्षी भाद्रपद सरता सरता माझी पूजा बिघडली. फुलं होती, उदबत्ती होती, आरती तोंडपाठ होती. पण देवीपुढे बसलं की थोरल्या भावाचा, दादाचा चेहरा समोर यायचा आणि मला रागच यायचा. देवघरात बसून माणसाला राग यावा, यापरतं दुर्दैव नाही. देवी आपलं ऐकते की नाही, अशीही शंका येऊ लागली होती. कारण एवढंच, की दादाने माझ्याकडे पाणी मागितलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो.

आमची वाटणी झाली तेव्हा देवीच्या तसबिरीपुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या होत्या. आमच्या राहुरीकडे अजूनही बऱ्याच घरांत असंच करतात, म्हणजे पुढे कुणी कुणाला बोल लावत नाही. मी धाकटा, म्हणून पहिली चिठ्ठी मी उचलली. मला पाटाकडचं रान आलं, दादाला वरचा मुरमाड माळ. पाटाच्या पाझराने माझी विहीर भर उन्हाळ्यातही आटत नाही. ऊस झाला, रोपवाटिका झाली, बंगला झाला. लोक भाषणाला बोलवू लागले. मी सांगायचो, नशीब-बिशीब काही नसतं, घाम गाळा. टाळ्या पडायच्या आणि मी फुशारून जायचो. तिकडे दादा आणि वहिनीने पाच वर्षं डोक्यावर पाणी वाहून त्या माळावर लिंबोणीची बाग जगवली होती. गेल्या वर्षी पावसाने दगा दिला आणि झाडं माना टाकू लागली. दादा दारात येऊन म्हणाला, "आठवड्यातून येक दिस तुझ्या हिरीचं पानी दे. न्हाई तर बाग जाती रं." मी त्याला भाषणातलंच ऐकवलं, कष्ट कर, मिळेल. तो आपल्या माळाकडे निघून गेला. कष्ट कर, हे मी कुणाला सांगत होतो!

सातव्या माळेला मी पाथर्डीकडच्या डोंगरावरच्या देवीला निघालो. मनाला शांती मागायची होती. गाडी लांबच लावली आणि गावच्या मंडळींबरोबर अनवाणी चालू लागलो. सात दिवसांचा कडक उपवास, आणि मधुमेहाची गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून ती मात्र रिकाम्या पोटी इमानेइतबारे घेतली. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच. मंडळी पुढे गेली, मी मागे पडलो.

ऊन पांढरंफटक होतं. रस्ता हलत होता. लांबून देवीच्या गाण्याचा आवाज येत होता. मग तो माझ्या आतूनच येतोय असं वाटू लागलं. एका बाभळीची सावली आपणहून माझ्याकडे सरकत आली आणि मी तिच्यात सावकाश बुडालो. भीती अजिबात वाटली नाही. आत गार होतं. माझा पाट वाहत होता, पण मी ओंजळ पुढे केली की पाणी बाजूला व्हायचं. पुन्हा ओंजळ, पुन्हा पाणी बाजूला. मला लहान मुलासारखं रडू येत होतं. मग कुणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडात गोड काहीतरी विरघळू लागलं.

तो गुळाचा खडा होता. तिशीतली एक बाई वाकून बघत होती. "काका, उठू नगा. पडून ऱ्हावा." शेजारी तिचा हंडा होता. तिने घोटघोट पाणी पाजलं आणि उरलेलं माझ्या पोळलेल्या पायांवर ओतू लागली. मी नको नको म्हणालो. "देवीच्या वाटंवरच्या मानसाचे पाय धुवावंच लागत्यात," ती म्हणाली. पाणी कुठून आणलं, विचारलं तर तिने टेकडीकडे हात केला. "त्या पल्याडच्या हिरीवरून. दिस उगवायच्या आदी गेल्ते."

मी राहुरीकडचा म्हटल्यावर ती हरखली. दसऱ्यानंतर ती दरवर्षी आमच्याच भागात ऊसतोडीला येते. "लई पानी हाय तुमच्याकडं," ती हसून म्हणाली, "तितं आलं की मी दोन-दोनदा आंगूळ करते." मग रिकामा हंडा उचलून पुन्हा टेकडीकडे चालू लागली. मी तिचं नावही विचारलं नाही. तिच्या निम्मे कष्टही मी आयुष्यात केले नव्हते, आणि लोक टाळ्या मला वाजवत होते. लाजेने मी तिथेच रडलो.

मंडळी मला शोधत मागे आली आणि बरं वाटल्यावर त्यांनी मला डोंगरावर नेलं. देवीपुढे उभा राहिलो, पण शांती मागायची हिंमतच झाली नाही. पुढे दिवाळीनंतर त्या बाईसाठी साडी घेऊन टेकडीजवळच्या वस्तीवर गेलो, तर घरांना कड्या होत्या; टोळ्या ऊसतोडीला गेल्या होत्या. तिच्याबद्दल मला समजलं तेवढं सांगितलं, यापुढचं देवी जाणे.

दसऱ्याला माझ्या विहिरीवरून दादाच्या माळापर्यंत पाइप टाकला. पहिलं पाणी लिंबोणीच्या आळ्यात उतरलं तेव्हा वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती. मी दादाचे पाय धरायला वाकलो, चुकलो म्हणालो. त्याने मला खांद्याला धरून उभं केलं. "तुझ्या जागी मी असतो," तो म्हणाला, "तर मीबी न्हाईच म्हनलो असतो."

तो शिव्या देता तर मला हलकं वाटलं असतं. त्याने माझा शेवटचा तोराही काढून घेतला. माझी श्रीमंती तर माझी नव्हतीच, पण माझा वाईटपणाही जागेने दिलेला निघाला, आणि तो उतरला तोही कुणाच्या तरी हंड्यातल्या पाण्याने. आता देवीपुढे बसतो तेव्हा राग येत नाही. हाती आलेलं अडवून धरू नये एवढी बुद्धी राहू दे, म्हणतो. तीही आपल्या बळावर टिकेल अशी खात्री नाही, म्हणून रोज म्हणतो.