घंटी नसलेली सायकल

सायकल माणसाला नेते, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. माणूस सायकलीला नेतो, हे मी आमच्या गावात पाहिलं. वाटेत साकव आला की काका उतरायचे, दांड्याखाली खांदा घालायचे आणि करडू उचलावं तशी सायकल उचलून त्या दोन ओंडक्यांवरून ओहोळ ओलांडायचे. पलीकडे गेल्यावर टायर अंगठ्याने दाबून बघायचे आणि पुन्हा टांग मारायचे.

ओहोळावर कोणी ना कोणी असायचंच. "काय रे, तू सायकलीर बसतंस, काय सायकल तुझ्यार?"

"आमी पाळीपाळीन बसतंव," काका म्हणायचे. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि दोघेही रोज हसायचे.

आमचं गाव समोरची खाडी आणि मागचा सडा यांच्यामध्ये चेपलेलं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. गाडीरस्ता नव्हता. घरात दुपारी पेज, रात्री उरली तर पेज. बाबा दुसऱ्याच्या जमिनीत राबायचे, आई कुळीथ भरडून द्यायची. भावंडांत मी थोरली. गावातली शाळा सातवीला संपायची. माझी सातवी झाली आणि हातातली पाटी जाऊन काठी आली. गुरं सड्यावर न्यायची, संध्याकाळी परत आणायची. हायस्कूल सड्याच्या पलीकडे, मालवणच्या वाटेवर. चालत जाऊन-येऊन दिवस संपला असता, मग पाणी कोण भरणार? बाबांनी मला नाही म्हटलं नाही. विषयच काढला नाही. गरिबाच्या घरात नकार असाच असतो.

काका आमचे शेजारी. सख्खे कोणी नव्हेत. मुंबईत एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. थोरला भाऊ पडावाबरोबर बुडाला, घरात आई एकटी राहिली, म्हणून तार करून त्यांना बोलावून घेतलं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. ते मालवण बंदरात आगबोटीतून उतरले ते एक पत्र्याची ट्रंक आणि एक जुनी सायकल घेऊन. अख्खं गाव बघायला लोटलं.

"सायकल हाडलंस, आता रस्तो पण हाड रे!" गुरव ओरडला.

"येता-जाता वाट पडता," काका म्हणाले. हे त्यांचं वाक्य. पुढे आम्ही ते इतकं ऐकलं की लहान पोरंसुद्धा नाक उडवून म्हणायची.

ती सायकल त्यांनी मुंबईची राहू दिली नाही. चिखल अडकतो म्हणून चाकांवरचे पत्रे काढून टाकले. मुठींना काथ्या गुंडाळला. ट्यूब मिळेनाशी झाली तेव्हा टायरात भाताचा पेंढा ठासून भरला. मग ती सड्यावरून जाताना दात नसलेल्या म्हातारीने चणे खावेत तसा आवाज यायचा. ब्रेक म्हणजे काकांच्या वहाणा. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर आपण पायी चालताना दहा वेळा देवाचं नाव घेतो. काका तिथून जायचे, पडायचे, उठायचे. सायकलीला आधी विचारायचे, "लागला काय गो?" आणि मग स्वतःचा गुडघा बघायचे.

मी एकदा विचारलं, "काकानू, घंटी कशी नाय?"

"सड्यार कोणाक वाजवू? सरड्यांका?"

तुम्हाला वाटेल, मोठा हौशी माणूस. मलाही तसंच वाटायचं. पण सडा जिथे संपतो त्या कड्यावर गुरांमागे फिरताना मी त्यांना रोज पाहायची. तिथून समुद्र दिसतो. आगबोट मुंबईकडे निघालेली असायची. काका एक पाय दगडावर टेकून, न उतरता तिच्याकडे बघत राहायचे. ती दिसेनाशी झाली की हँडल वळवायचे. माझी गुरं दाव्याला बांधलेली नव्हती, पण संध्याकाळी आपसूक गोठ्याकडे वळायची. काकाही तसेच.

पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की दर वर्षी ते ट्रंक माळ्यावरून खाली काढायचे. मग त्यांची आई कौल लावायला देवळात जायची. आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. दर वर्षी डावी पडायची आणि ट्रंक परत माळ्यावर जायची. म्हातारी देवाला काय विचारायची, ते मी एकदा कानांनी ऐकलं. "एक झील दर्यान नेलो. दुसरो गेलो तर माका कोण बघतलो, तां सांग म्हाराजा." अशा प्रश्नावर कोणता देव उजवी देईल? म्हातारीला मी दोष देत नाही. पण त्या माणसाचं काय झालं, तेही दिसत होतं.

सड्यावर मी त्यांच्या मागे लागून सायकल शिकले. दांड्यावरून पाय जाईना, म्हणून दांड्याखालून घालून. परकर साखळीत अडकून फाटला, आईने पाठ सडकली. काकांची शिकवण एकच होती. "पडूचा आसात तर डावीकडे पड गो. उजव्या बाजूचा पायडल वाकता. माका काय, डावीची सवयच आसा."

मी हसले. ते हसले नाहीत.

मला तोल साधला, तसं एका संध्याकाळी ते बाबांकडे आले. ओटीवर न बसता उभ्यानेच म्हणाले, "चेडवाक हायस्कुलात घाल. सायकल माजी. पाणी भरून पण वेळार पोचतली."

बाबांनी विडी चोळली. "देवाक इचारूक व्हया," ते म्हणाले.

त्या देवळातली डावी कळी मला चांगली ठाऊक होती.

सकाळी आम्ही देवळात गेलो. काकांची आई पायरीवर फुलं निवडत होती. गुरवाने कळ्या ओल्या केल्या, तेवढ्यात काका आले. घामाने भिजलेले, खांद्यावर सायकल.

"कौल लावू नको," ते बाबांना म्हणाले. "गाऱ्हाणा घाल."

"म्हणजे?"

"इचारलंस काय देवाक उत्तर देवचा पडता. तू इचारू नको. चेडू शाळेत जाता, तेका सांभाळ, इतक्याच सांग. सांगणाऱ्याक देव नाय म्हणणा नाय."

गुरव हातातली कळी तशीच धरून राहिला. "शाणो मोठो! मगे इतकी वर्सां तू कित्याक नाय सांगलंस?"

काकांनी पायरीकडे पाहिलं. म्हातारीचे हात थांबले होते. "माका इचारूकच शिकवल्यानी," ते म्हणाले.

मग बाबांनी नारळ पुढे केला. "घाल गाऱ्हाणा."

गुरवाने कळ्या तबकात ठेवल्या आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडू आज सड्यावरसून शाळेत जाता. तेच्या वाटेत काटो-किडो येव नये. जाता तशी परत हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. सगळ्यांत मोठा आवाज काकांचा. आणि सगळ्यांत शेवटी, पायरीवरून, म्हातारीचाही.

त्या दिवसापासून सायकल माझी, गुरं धाकट्या भावंडांची आणि कड्यापर्यंतची चाल काकांची. मी परत यायची तेव्हा ते कड्यावर बसलेले असायचे, बोट केव्हाच गेलेली असायची. अंगठ्याने टायर दाबून म्हणायचे, "पडलंस?" मी म्हणायची, "डावीकडे." माझ्या जाण्यायेण्याने गवतात चाकाएवढी लाल रेघ उमटली. लाकडं विकायला निघालेल्या बायका त्याच रेघेवरून चालू लागल्या.

मी कॉलेजसाठी कोल्हापूरला गेले. मागे म्हातारी वारली. आता देवाला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. काकांनी ट्रंक खाली काढली, पुसली, आणि परत माळ्यावर ठेवली. आईने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "का?" आई म्हणाली, "खंय जातलो? वर्कशॉपात आता तेका कोण घेतलो?"

त्यानंतरच्या पावसाळ्यात काका तापाने गेले. पोचवायलाही मी नव्हते.

सुट्टीत आले तेव्हा बाबांनी ती ट्रंक माझ्यासमोर उघडली. आत इस्त्रीची घडी न मोडलेला खाकी शर्ट होता, आणि त्याखाली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली सायकलची पितळी घंटी. कोरी. सरड्यांसाठी न वाजवलेली. पक्क्या रस्त्यासाठी राखून ठेवलेली.

त्या लाल रेघेवरून आता खडीचा रस्ता झाला आहे. सड्यापलीकडच्या हायस्कुलात मी शिकवते आणि सायकलनेच जाते. घंटी मी बसवून घेतली.

मी बी.ए. झाले. आमच्या गावातून पहिलीच.