तेरा बाजारांचे एक्याण्णव दिवस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींनाही नाही. आता नोकरीची थोडीच वर्षं उरलीत, आणि हे मनात ठेवून वर्गात उभं राहायचा — खरं सांगू? — कंटाळा आलाय.

गणित म्हणजे बाईंचा हातखंडा, असं जव्हारला सगळे म्हणतात. विभाजक, विभाज्य, मूळ संख्या — सहावीला वर्षानुवर्षं शिकवतेय. जव्हारला यायच्या आधी मी मोखाड्यापलीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत होते. शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता स्वतः रंगवून भिंतीला लावला होता. त्यात एक्याण्णव होती. दोनाने भाग जात नाही, तिनाने नाही, पाचाने नाही — पुढे सातापर्यंत कोण बघत बसतं? मी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी केंद्रप्रमुख तपासणीला येऊन मागे बसले होते. मी तक्ता वाचून घेत होते, आणि सुनंदा उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. आईबाप ठाण्याकडे कामाला, ही मामीपाशी. ते परत यायचे दिवस ती मोखाड्याच्या आठवडी बाजारावरून मोजायची.

"बाई, तेरा बाजार म्हंजे एक्याण्णव दीस. मंग सातानं भाग जातो ना?"

तेरा सत्ते एक्याण्णव. मला तिथल्या तिथे कळलं — कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. "हो गं, चुकलं माझं." एवढंच तर म्हणायचं होतं. मागे साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. मी म्हणाले, "गणितात बाजार आणू नकोस." वर्ग हसला. साहेबही हसले. वर तिला पन्नास वेळा लिहायला लावलं — एक्याण्णव ही मूळ संख्या आहे.

तिनं लिहिलं. मोजून पन्नास.

तक्ता मी त्याच आठवड्यात काढला, वाळवी लागली असं सांगून. पण तिला जवळ बोलावून सांगितलं का? नाही. लाज वाटायची. लाजेपेक्षा भीती जास्त — एकदा चुकलेल्या बाईंचं पोरं पुन्हा ऐकतील का?

सहामाहीला मी मुद्दाम एक्याण्णवचे विभाजक विचारले. तिनं बरोबर लिहावं आणि मी सुटावं म्हणून.

तिनं लिहिलं होतं — एक आणि एक्याण्णव.

चूक दिली असती तर का, ते सांगावं लागलं असतं. मी लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि पुढचा पेपर घेतला.