चौथ्या ॲपची पारख

नात बारावीला गेली आणि आमच्या घरातल्या टीव्हीवर गदा आली. लातुरात ज्या घरात बारावीचं पोर असतं, त्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबकून वाजते. मुलाने सांगितलं, टीव्हीवर चार ॲप आहेत, परीक्षा होईपर्यंत दोनच ठेवायची. पण कोणती दोन, यावर तीन दिवस कुणाचं जमेना. मुलाला खेळांचं पाहिजे, सुनेला मराठी मालिकांचं, नातीला इंग्रजीचं. चौथं दक्षिणेकडच्या सिनेमा-मालिकांचं होतं. मुलाने कधीतरी एका सिनेमासाठी ते घेतलं आणि विसरून गेला, ते आपलं दर साली आपोआप पुढे सरकत आलं. त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, भांडू नका, मी ठरवतो.

मुलगा हसला. "आबा, तुमाला रिमोटवरचं मागं जायचं बटण सापडत न्हाई."

"बटण तू दाखव. माल मी बघतो."

शाळा मी चौथीपर्यंत केली, तीही ढकलत. पण माल पारखण्यात माझा हात धरणारा लातूरच्या धान्याच्या मोंढ्यात कुणी नव्हता. अहमदपूरकडच्या खेड्यातून मी हमाल म्हणून आलो, पाठीवर पोती वाहिली. पुढे अडत्याने माझी नजर ओळखून मला माल बघायला बसवलं. पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा सगळेच ठेवतात. म्हणून लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, मूठभर माल काढायचा, तळहातावर पसरायचा, दोन दाणे दाताखाली धरायचे आणि मग बोलायचं. एकदा बोललो की बोललो. मी शब्द फिरवला असं म्हणणारा माणूस त्या मोंढ्यात आजही सापडायचा नाही.

टीव्हीचं पोतंही तसंच भरलेलं असतं, हे मला पहिल्याच सकाळी दिसलं. ॲप उघडलं की तोंडाशी मोठमोठी चित्रं, हसणारे चेहरे, जळणाऱ्या मोटारी. ती सोडून मी बटण दाबत दाबत खाली जायचो. चाळीस ओळी, पन्नास ओळी. मग डोळे मिटून एका चित्रावर थांबायचो आणि ते दहा मिनिटं बघायचो. एक मूठ झाली. मग दुसरी. मुलगा आणि सून शाळेवर शिकवायला गेलेली, नात क्लासला, आणि आमची घरची स्वयंपाकघरात. मला कुणाची आडकाठी नव्हती.

या यंत्राचं मला लई नवल वाटलं. उघडलं की आधी विचारायचं, कोण पाहत आहे? खाली चार खुणा. मुलाची, सुनेची, नातीची, आणि चौथीवर नुसतं 'घर' लिहिलेलं. मी 'घर' दाबायचो. एकदा डोळा लागला तर जागा होऊन बघतो, पडद्यावर प्रश्न: अजून पाहत आहात का? मी संध्याकाळी नातीला विचारलं, मी झोपलो हे त्याला कसं कळलं? ती म्हणाली, कळत नाही आजोबा, अंदाज करतं. एकदा मधमाश्यांचं काहीतरी दहा मिनिटं बघितलं, तर दुसऱ्या सकाळी त्याने मधमाश्यांचे चार सिनेमे आणून पुढे मांडले. गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखणारे अडते मी पाहिलेत, हा त्यांचा बाप निघाला. आणखी एक गंमत. काल ज्या सिनेमाच्या चित्रावर बाई होती, आज त्याच सिनेमावर घोडा. पोतं तेच, तोंडाशी दाणे नवे. नात म्हणाली, प्रत्येकाला वेगळं चित्र दाखवतात. म्हणजे त्याने मला घोडेवाला ठरवलं होतं.

आठवडाभर पारख चालली. इंग्रजीवाल्यात सगळी माणसं घाईत. कुणी बसून जेवत नाही, उभ्यानेच काहीबाही तोंडात टाकतात. एका मुठीत मात्र एक म्हातारी बर्फात बसून मासा सोलत होती. दहा मिनिटं ती एक शब्द बोलली नाही आणि मीही हललो नाही. तो दाणा अस्सल होता. मराठीवाल्यातून दहा मुठी काढल्या, त्यातल्या नऊ मुठींत जिना निघाला. जिन्यावरून कुणीतरी उतरतंय आणि खाली बाकीचे कामधंदा सोडून उभे. पण सून इस्त्री करता करता ते ऐकते, तिचे हात थांबत नाहीत. तेव्हा ते कामाचं. खेळांच्या ॲपात कबड्डी लागली आणि तिथे मी दहा मिनिटांचा नियम मोडला, हे कबूल करतो.

राहिलं दक्षिणेचं. त्यातून बारा मुठी काढल्या. बोली कळेना, त्यामुळे एकाही दाण्याची चव लागली नाही.

जेवताना मी निकाल सांगितला. खेळांचं आणि मराठी ठेवा. इंग्रजीचं आणि दक्षिणेचं काढा, ते दक्षिणेचं तर कुणाच्याच कामाचं नाही. मुलगा खूश झाला. म्हणाला, रविवारी दोन्ही बंद करून टाकतो. नातीने पुस्तकातून मान वर न करता "बरं" म्हटलं. आमची घरची भाकरी वाढत होती. तिने माझ्या ताटात अर्धी टाकली आणि आत गेली. तिला कुणी विचारलं नाही, आणि मीही नाही.

आमची घरची देगलूरच्या पलीकडची, पार शिवेवरच्या गावातली. तिच्या माहेरी तेलुगू बोलायचे. सोळाव्या वर्षी आमच्या घरी आली तेव्हा तिला मराठी जेमतेम यायचं. वर्षभरात ती आमच्यासारखं बोलायला लागली, आणि पुढे तिच्या तोंडून ती भाषा मी ऐकली नाही. आई-बाप गेले, भाऊ गेला, बोलायला कुणी उरलंही नाही. मी धरून चाललो की विसरली. तिची एक गोष्ट मात्र मी प्रत्येक पंगतीत सांगायचो. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला माझी आई वाढत होती. भाकरी पुढे केली की ही आपली म्हणायची, "चालू, चालू." आईने वाढणं चालू ठेवलं. पाच भाकरी जिरवल्या पोरीनं. पाहुणे पोट धरून हसायचे आणि ही पदर तोंडाशी धरून आत निघून जायची. पन्नास वर्षं मी ही गोष्ट सांगितली.

निकाल सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा मारुतीच्या पारावर गेलो. तिथे कुणीच नव्हतं, सगळे एका मयतीला गेलेले. परत फिरलो. घरात शिरलो तर आमची घरची टीव्हीसमोर बसलेली. हातात रिमोट होता, पण बटणावर बोट नव्हतं.

मला बघून ती उठली नाही. म्हणाली, "ते हितं पयलं असायचं. हिरव्या लुगड्याची बाई. चार दिस झाले, दिसून न्हाई राहिली."

तिला अक्षरओळख नाही. नातीने कधीतरी तिला बटणांचा क्रम पाठ करून दिला होता आणि अभ्यासाच्या धबडग्यात ती ते विसरूनही गेली होती. ॲप उघडायचं, चौथी खूण दाबायची, आणि मग पहिलंच चित्र. रोज दुपारी मी पारावर गेलो की ही तेवढं करायची. यंत्र जे शेवटी बघितलं ते पुढे ठेवतं, आणि ती चौथी खूण, ते 'घर', आम्हा दोघांची एकच होती. माझ्या बारा मुठी तिच्या बाईच्या पुढे येऊन बसल्या होत्या. चार दिवस ती रोज पहिलं चित्र दाबत होती आणि रोज तिसरंच काहीतरी लागत होतं. मला विचारलं नव्हतं. आता विचारलं, कारण रविवारनंतर विचारूनही उपयोग नव्हता.

मी रिमोट घेतला. "रोज बघतीस?"

"दोन वर्सं झाली."

तेराव्या जागेवर हिरवी साडी सापडली. दोन वर्षं एखादी बाई रोज जे बघते त्यात आहे तरी काय, हे मला कळून घ्यायचं होतं. मी तिच्या शेजारी बसलो. मनात तेव्हाही हेच, की ही नुसती चित्रं बघत असणार.

पडद्यावर एक म्हातारा आला. घरातल्या सुनेने त्याला हाक मारली, "मामा." मी सरसावून बसलो. आमची सूनही मला मामाच म्हणते, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. मी म्हणालो, "हे तर आपलंच हाय की."

"हाय की," ती म्हणाली. नजर पडद्यावरून हटली नाही.

मग जेवणं सुरू झाली. हिरव्या साडीची बाई वाढत होती. एका पोरीने ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाली, "चालू, चालू." वाढणाऱ्या बाईने भाताचा डाव मागे घेतला आणि पुढच्या ताटाकडे गेली.

मला ते चुकल्यासारखं वाटलं. "वाढीना का ती? पोरगी चालू म्हणून राहिली."

"चालू म्हंजी बास," आमची घरची म्हणाली. "पुरे."

मी थांबवायचं बटण शोधायला लागलो. आधी आवाज मोठा झाला, मग घोडा आला, मग एकदाचं ते थांबलं. पोरगी ताटावर आडवा हात धरून तशीच राहिली.

"मंग त्या दिशी..."

"दोन भाकरीतच पोट भरलं हुतं."

"सांगायचं न्हाईस?"

"सांगतच हुते की," ती म्हणाली. "चालू, चालू."

तिच्या आवाजात राग नव्हता. ज्वारी महाग झाली असं सांगावं तसं तिने सांगितलं. त्या रात्री पोट फार दुखलं. ताटात टाकलं तर माहेरच्यांना नाव ठेवतील म्हणून सगळं संपवलं. सकाळी माझी आई शेजारणीला म्हणत होती, पोरगी खाणारी हाय, कामाला चांगली निघंल. मी विचारलं, पुढे मराठी आल्यावर का नाही सांगितलं. ती म्हणाली, तवर तुमची गोष्ट तयार झाली हुती, लोकं हसत हुते.

मी माफी मागणारा माणूस नाही, आणि मागितलीही नाही. त्यापेक्षा मला विचारायचं खूप होतं. ज्वारीच्या भाकरीला काय म्हणायचात, असं विचारलं. "जोन्न रोट्टे," ती म्हणाली, आणि ते इतकं झटकन आलं की मी तिच्याकडे बघतच राहिलो. विसरली म्हणून मीच ठरवलं होतं, आणि पारख न करताच.

पण रविवार पुढे होता आणि शब्द माझा दिलेला होता. दोन दिवस मी विचार करत होतो की मुलाने विसरून जावं. तो विसरला नाही. रविवारी चहा घेऊन मोबाइल उघडून बसला.

"थांब," मी म्हणालो. "दक्षिणेचं ठेव. खेळांचं काढ."

"आबा, तुमीच म्हणलात कुणाच्या कामाचं न्हाई."

"म्हणलो. नीट बघितलं नव्हतं."

हे वाक्य मी मोंढ्यात कधी उच्चारलं नाही.  मुलालाही नवल वाटलं असणार, पण क्रिकेट जाणार म्हणून तो चिडला. म्हणाला, या घरात तेलुगू बघतंय कोण?

मी बघतो असं सांगून टाकावं, असं माझ्या मनात होतं. म्हणजे तिला मध्ये यावं लागलं नसतं. पण तोंड उघडायच्या आत ती हात पुसत बाहेर आली.

"मी बघते," ती म्हणाली. "माजी बोली हाय ती. ऱ्हाऊ दे."

मुलाने चहाचा कप खाली ठेवला. आजोळची ती बोली त्याने लहानपणी ऐकली होती, पण आईला ती अजून येते हे त्याला ठाऊक नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत आईने त्याच्याकडे 'हे माझं' म्हणून काही मागितलं असेल, असं मला आठवत नाही. त्याने मोबाइल उचलला. खेळांचं काढलं, इंग्रजीचं काढलं.

सुनेने मला हळूच विचारलं, "मामा, तुमच्या कबड्डीचं काय?"

"कबड्डी मी खेळलेली हाय. बघायची काय गरज?"

आता दुपारी मी पारावर उशिराने जातो. गडी विचारतात, तब्येत बरी आहे ना. बरी आहे म्हणतो. चौथ्या ॲपची पारख नव्याने चालू आहे, पण या वेळी चित्रं मी निवडत नाही. ती लावते आणि मी शेजारी बसतो. पहिले दोन-चार दिवस तिने सगळं समजावून सांगितलं. कोण कुणाची सून, कुणाचं कुणाशी वाकडं, तो म्हातारा घरात असून कुणाशी का बोलत नाही. मी प्रत्येक वाक्याला विचारायचो, म्हंजी काय? मग ती उत्तर देईपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जायची.

परवा त्या म्हाताऱ्याने दाराशी उभं राहून हिरव्या साडीच्या बाईला काहीतरी सांगितलं आणि आमची घरची मोठ्याने हसली. मी विचारलं, काय म्हणला?

"गप बसा," ती म्हणाली. "ऐकू द्या."

मी गप बसलो. पण तो काय म्हणाला होता, हे मला अजून विचारायचं आहे.